पाकिटावरचं ‘आणि’

आमच्या गावात कुणाचं लग्न नीट चाललंय आणि कुणाचं मोडकळीला आलंय, हे विचारायला फादरकडे जावं लागत नसे. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस असले, की कुठल्याही शुक्रवारी चर्चच्या तळघरात उतरायचं आणि फिलिसबाई डुडाश यांच्या टेबलावरची पाकिटं बघायची.

उपासाच्या शुक्रवारी मटण वर्ज्य, मासे चालत, म्हणून तळघराच्या एका अंगाला ते तळले जात. बायका लांब टेबलांशी उभ्या राहून पिरोगीत बटाट्याचं सारण भरत, कडांना मुरड घालत आणि गावाची खबरबात घेत. दुसऱ्या अंगाला कपाटाच्या आडोशाला फिलिसबाई लोकांना टॅक्सचे रिटर्न भरून देत. काचेच्या कारखान्यात पगारपत्रकं करण्यात त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली होती. कारखाना बंद पडला, फिलिसबाईंची आकडेमोड काही थांबली नाही. फी घेत नसत. चर्चच्या छपरासाठी एक बरणी ठेवलेली असे, तीत ज्याला जे सुचेल ते.

नवरा-बायको त्यांच्यासमोर शेजारीशेजारी बसत. दोघांच्या कमाईचा मिळून एकच कागद, त्याच्यावर दोघांच्या सह्या. मग बाई तपकिरी पाकिटावर शाईच्या पेनानं नाव घालत: डेनी आणि लॉर्ना कोस्तुरिक. त्यातलं ‘आणि’ त्या एका वळशात, हौसेनं एवढं मोठं काढत की नावं बिचारी दोन्हीकडे अंग चोरून बसत. ज्यांचे कागद वेगवेगळे, त्यांना दोन पाकिटं मिळत आणि त्यांवर एकेकच नाव असे. असं दोन पाकिटांचं घर उन्हाळ्यापर्यंत विकायला निघतं, हे पिरोगीवाल्या बायकांना तोंडपाठ होतं.

डेनी कोस्तुरिकला हे त्यांच्याहून जास्त ठाऊक होतं. तो तिसरीत असताना एका शुक्रवारी त्याची आई याच तळघरातून एकट्या नावाचं पाकीट घेऊन वर आली होती. त्याचे वडील त्याआधीच क्लीव्हलंडला गेले होते, ते परत आलेच नाहीत. तेव्हाही पाकीट लिहिणाऱ्या फिलिसबाईच होत्या.

ही गोष्ट मात्र डेनीच्या बायकोची, लॉर्नाची.

लॉर्ना बावीस वर्षांची असताना तिचं डेनीशी लग्न झालं आणि त्याच वर्षी ती शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. चौदा वर्षं तिनं पळीनं उकडलेले वाटाणे वाढले. मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी कधी गावात मिरवलं नाही. डेनी घरं तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करायचा. स्वतःचा धंदा, स्वतःची व्हॅन. थंडीत हाताला उसंत नसायची आणि उन्हाळ्यात काम शोधत फिरायला लागायचं.

मग शाळेत ट्वायला नावाची सात वर्षांची मुलगी आली. ती बोलत नसे. ताट धरून रांगेत उभी राही, काय हवं ते सांगता येत नसे, मागची मुलं ढकलत आणि ती जे पडेल ते घेऊन पुढे जाई. लॉर्नाला ते बघवेना. तिनं घरी बसून पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवली, वाटाणे, पाव, दूध, सफरचंद, आणि दुसऱ्या दिवशी ते पुठ्ठे ट्वायलापुढे धरले. मुलीनं सफरचंदावर बोट ठेवलं. एवढंच झालं. पण त्या दिवशी लॉर्ना घरी आली ती जेवलीच नाही.

“मला अशा मुलांना शिकवायचंय,” ती डेनीला म्हणाली. “छत्तीस वर्षांची घोडी झालेय मी, हसू नकोस.”

“हसतोय कुठं?” डेनी म्हणाला. “शीक तू. भट्ट्या काय, मी बघतो.”

पाच वर्षं ती रोज चाळीस मैल जाऊन-येऊन कॉलेजात शिकली. पास झाली, गावच्याच शाळेत लागली, आणि नोकरीच्या पहिल्या पगाराबरोबर कर्जाचा कागदही आला. बासष्ट हजार डॉलर. हप्ता महिना सातशेच्या घरात. तिचा पगार पाहिला तर हे म्हणजे पाण्यात पडून वर दगड बांधून घेण्यासारखंच होतं.

यातून वाट फिलिसबाईंनीच काढली. सरकारी शाळेत शिकवणाऱ्यांसाठी एक योजना होती. कमाईच्या मानानं हप्ता ठरवायचा, असे एकशेवीस हप्ते भरायचे, आणि तोवर नोकरी टिकवली की उरलेलं कर्ज माफ. दहा वर्षं. फक्त दर वर्षी कमाई दाखवायची.

“आणि इथंच मेख आहे,” फिलिसबाई चष्मा कपाळावर चढवत म्हणाल्या. शुक्रवार होता, लॉर्ना आणि डेनी समोर बसले होते. “तुमचा रिटर्न एकत्र असला, तर ते दोघांची कमाई धरतात. हप्ता जाईल सातशेवर. वेगवेगळा भरला, तर फक्त लॉर्नाचा पगार. एकशे ऐंशीत भागेल. टॅक्समध्ये तीनेकशे डॉलर जास्त जातील वर्षाला, ते जाऊ देत.”

डेनीनं टोपी काढून मांडीवर ठेवली. “म्हणजे दोन पाकिटं?”

“दोन पाकिटं.”

“कर्ज तिचं, सही तिची. माझ्या भट्ट्यांशी त्यांचा काय संबंध?”

“संबंध कागदाचा रे बाबा. कागद एक, तर घर एक, तर कमाई एक.”

“मग घर एकच आहे ना आमचं!”

लॉर्नानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “डेनी, दहा वर्षांचा प्रश्न आहे. त्यानंतर आयुष्यभर एकत्र भरू.”

 फिलिसबाईंनी कपाटातून दोन पाकिटं काढली आणि दोघांची नावं सुटी सुटी लिहिली. दोन्ही पाकिटं घेऊन डेनी मासे तळणाऱ्या भावाकडे, रेकडे गेला. रेनं पाकिटांकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं.

“काय रे, आता मासेपण दोन देऊ का?”

“एकच दे,” डेनी म्हणाला. “मासा मास्तरीणबाई खातात, मी काटे काढायला असतो.”

सगळं टेबल हसलं. लॉर्नाही हसली. पण घरी आल्यावर डेनीनं ती पाकिटं स्वयंपाकघरात न ठेवता टायरच्या पावत्यांच्या खोक्यात टाकली.

त्याचा राग असा लांबत नसे, हे त्याचं मोठेपण. स्वयंपाकघरात भट्टीच्या सुट्या भागांच्या कंपनीचं कॅलेंडर लटकायचं. हप्ता गेला की डेनी पेन्सिलीनं त्या महिन्याच्या कोपऱ्यात आकडा घालायचा. जानेवारीत एक, फेब्रुवारीत दोन. “मास्तरीणबाई, आज एकोणीस,” असं म्हणून तो कॉफी ओतायचा. जणू कर्ज त्याचंच होतं. कुणी काही म्हणो, गावात एवढ्या मनापासून दुसऱ्याचे हप्ते मोजणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

सहावं वर्ष उजाडलं. आकडे साठीच्या पुढे गेले होते. त्या मे महिन्यात त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं पुरी होणार होती.

मार्चमध्ये लॉर्नाची आई पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. लॉर्ना शाळा सुटली की थेट इस्पितळात जायची. शुक्रवारी तळघरात डेनी एकटाच गेला, दोघांचे कागद घेऊन. बरोबर काय विचार घेऊन गेला ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. फिलिसबाईंपुढे बसल्यावर तो म्हणाला, “या वर्षी एकत्र करा.”

“लॉर्नाला विचारलंस?”

“घरात बोलूनच आलोय.”

हे खोटं होतं. पण डेनी कोस्तुरिक खोटं बोलेल असं फिलिसबाईंच्या स्वप्नातही आलं नसतं, म्हणून त्यांनी पुढे विचारलं नाही. डेनीच्या डोक्यातलं गणित सरळ होतं. एवढी वर्षं हप्ता सुरळीत जातोय, कर्जवाल्यांनी ठरवून दिलाय, एका वर्षानं काय बिघडतंय? कर्ज तिच्या नावावर, पगार तिच्या नावावर. फिलिसबाई जरा जास्तच सावध आहेत झालं. तीनशे वीस डॉलर वाचतील आणि पंचविसाव्या वर्षी पाकिटावर दोघांची नावं पुन्हा एकत्र येतील.

संध्याकाळी लॉर्ना इस्पितळातून आली. मुलांच्या प्रगतीचे अहवाल टेबलावर पसरून ती सह्या करत होती. डेनीनं त्याच ढिगात आपला कागद सरकवला. “इथं पण कर.” तिनं वर न बघता सही केली. त्यानं तिच्याखाली आपली केली आणि जरा वेळ त्या दोन सह्यांकडे बघत बसला; तो रेंगाळलाय एवढंच लॉर्नाला जाणवलं.

मे महिन्यात त्यानं तिला निळा लोकरीचा कोट आणला. तीनशे वीस डॉलरचा. “एवढे कुठून आणलेस?” तिनं विचारलं. “एका भट्टीनं दिले,” तो म्हणाला.

नोव्हेंबरात कर्जवाल्यांचं पत्र आलं. नवा हप्ता सहाशे चौऱ्याण्णव.

लॉर्नाला आधी वाटलं, छापायची चूक आहे. तिनं फोन लावला. पलीकडच्या मुलीनं शांतपणे सांगितलं की तुमचा शेवटचा रिटर्न एकत्र आहे, त्यात दोघांची कमाई आहे, त्यावरून हप्ता काढलाय. लॉर्नानं फोन ठेवला आणि टायरच्या पावत्यांचं खोकं शोधलं. त्यात पाकीट नव्हतं. ते दिवाणखान्यात होतं, तिच्या सासूच्या फोटोमागे, जपून उभं करून ठेवलेलं. डेनी आणि लॉर्ना कोस्तुरिक.

डेनी कामावरून आला तेव्हा ती ते पाकीट हातात घेऊन टेबलाशी बसली होती.

“हे काय आहे?”

त्यानं टोपी काढली. “मला वाटलं…”

“काय वाटलं? मी पाच वर्षं काय खेळ करत होते?”

“लॉर्ना, मला वाटलं एका वर्षानं…”

“पाचशे चौदा डॉलर जास्त. दर महिन्याला. वर्षभर.” तिचा आवाज चढला नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. “तुला ते ‘आणि’ हवं होतं ना? घे. सहा हजारांना पडलं. दुकानात याहून स्वस्त मिळालं असतं.”

डेनीचा चेहरा असा झाला, की कुणी मुस्काटात मारली असती तरी झाला नसता.  उलट उत्तर दिलं असतं, तर भांडण होऊन मिटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन फिलिसबाईंच्या घरी गेली. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं, डेनीकडे बघून मान हलवली, आणि मग सांगितलं, “आता उपाय नाही. वेगळे भरले असते, तर पुढच्या तीन वर्षांत कधीही एकत्र करून घेता आले असते. पण एकदा एकत्र भरले आणि पंधरा एप्रिल ही शेवटची तारीख उलटली, की वेगळे करता येत नाहीत. हा कायदा आपल्या फादरसारखाच आहे. सुटे असाल तर जोडून देतो, जोडलेलं सोडवून देत नाही.”

“हप्ते काही महिने थांबवले तर?” डेनीनं विचारलं.

“थांबतील. पण ते महिने एकशेवीसमध्ये धरत नाहीत. तिची दहाची अकरा वर्षं होतील.”

“नको,” डेनी म्हणाला. “तिचा एकही महिना जाता कामा नये.”

पुढचं त्यानं एकट्यानं निस्तरलं. उत्तरेकडच्या डोंगरात कोस्तुरिक भावांची शिकारीची झोपडी होती, आजोबांनी बांधलेली. हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस म्हणजे आमच्याकडे शाळेलाही सुट्टी. डेनीनं वयाच्या बाराव्या वर्षापासून तो दिवस कधी चुकवला नव्हता. त्यानं आपला हिस्सा सहा हजारांना रेला विकला आणि ते पैसे लॉर्नाच्या खात्यात भरले. तिला हे रेच्या बायकोकडून कळलं.

“झोपडी विकलीस?” तिनं विचारलं.

“हरणं म्हातारी झालीत तिथली,” तो म्हणाला. “त्यांना धावायला लावायचं म्हणजे पाप.”

शिकारीच्या पहिल्या दिवशी तो स्वयंपाकघरात टेबलावर वर्तमानपत्र पसरून भट्टीच्या नळ्या घासत बसला होता. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. लॉर्नाच्या तोंडापर्यंत शब्द आले होते, की मी तसं बोलायला नको होतं. तिनं कॉफी ओतली आणि शाळेच्या कामाला बसली. उद्या बोलू, असं तिनं ठरवलं. असे उद्या माणसाच्या हाताशी पुष्कळ असतात असं वाटतं.

कॅलेंडरवरचे आकडे तो तरीही घालत राहिला. बहात्तर. एक्क्याऐंशी. पुढच्या उपासाच्या शुक्रवारी फिलिसबाईंपुढे बसल्याबसल्या त्यानंच आधी सांगितलं, “दोन पाकिटं.” त्यानंतर सगळी वर्षं तोच सांगायचा. ‘आणि’चा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. काटे काढायचा विनोदही केला नाही.

दहाव्या वर्षी जुलैत त्यानं एकशे पंधराचा आकडा घातला. त्याच आठवड्यात शाळेची भट्टी साफ करून तो घरी आला, व्हॅन दारात लावली आणि खाली उतरला नाही. लॉर्नानं खिडकीतून पाहिलं. वाटलं, रेडिओवर सामना ऐकतोय. पाव भाजून झाला तरी तो येईना, म्हणून ती बाहेर गेली. हात चाकावर होते. डॉक्टर म्हणाले, एका क्षणात झालं असेल.

व्हॅन विकून आलेले पैसे अंत्यविधीला गेले. लॉर्ना सप्टेंबरात शाळेत गेली, कारण नोकरी सुटली असती तर एकशे पंधराही पाण्यात गेले असते. गावात कुणीकुणी म्हणालं, किती कठोर बाई आहे, दोन महिन्यांच्या आत फळ्यापुढे उभी राहिली. त्यांना मी काय सांगणार? ऑगस्टच्या पानावर एकशे सोळा तिनं त्याच्याच पेन्सिलीनं लिहिला. डिसेंबरच्या पानावर एकशेवीस. त्यातलं शून्य वेडंवाकडं आलं.

मार्चमध्ये पत्र आलं. शिल्लक: शून्य. तिनं ते चार वेळा वाचलं. ज्याला दाखवायचं तो माणूस नव्हता, म्हणून तिनं ते टायरच्या पावत्यांच्या खोक्यात ठेवलं.

पुढच्या शुक्रवारी ती निळा कोट घालून तळघरात उतरली. फिलिसबाई आता ब्याऐंशीच्या झाल्या होत्या, भिंगातून आकडे वाचायच्या. शेजारची खुर्ची मोकळी होती. फिलिसबाईंनी सवयीनं कपाटातून दोन पाकिटं काढली.

“पोरी, ऐक,” कागद भरून झाल्यावर त्या म्हणाल्या. “डेनी जुलैत गेला. पण कायद्याच्या लेखी ते सगळं वर्ष तुम्ही नवरा-बायकोच होता, अगदी एकतीस डिसेंबरपर्यंत. म्हणून शेवटचं एकदा निवड तुझ्या हातात आहे. एकत्र किंवा वेगळे.”

लॉर्नानं मान वर केली. “एकतीस डिसेंबरपर्यंत?”

“हो. आता माझं ऐकशील तर वेगळेच भर. तुझ्या कागदावर तुला सहाशे परत मिळतात. त्याच्या कागदावर तीन हजार देणं निघतं, त्यानं त्या वर्षीचे टॅक्सचे आगाऊ हप्ते भरलेच नव्हते. वेगळं भरलंस तर ते देणं त्याच्या नावावर राहील. त्याच्या नावावर आता काही उरलेलं नाही. बुडीत म्हणून खोडून टाकतील, संपेल.”

“आणि एकत्र भरलं तर?”

“तर सगळं तुझ्या डोक्यावर. तुझे सहाशे आणि एकत्र भरल्यानं वाचणारे तीनशे वजा करून एकवीसशे डॉलर तू द्यायचे. सरकार हप्ते करून देईल, पण द्यायचे तूच. कशाला पायावर धोंडा पाडून घेतेस? तो असता तर त्यानंही हेच सांगितलं असतं.”

“नाही,” लॉर्ना म्हणाली. “तो असता तर एकत्र म्हणाला असता. एकदा म्हणाला होता आणि मी त्याला…”  तळणाऱ्या माशांचा आवाज येत राहिला. फिलिसबाईंनी भिंग खाली ठेवलं.

“डेनीनं कुणाचं देणं बुडवलं नाही कधी,” लॉर्ना म्हणाली. “आणि मी त्याला दहा वर्षं कागदावर वेगळं ठेवलं. माझ्या कर्जासाठी. आता कर्ज नाही. एकत्र करा, बाई.”

“एकवीसशे आहेत गं.”

“कर्जाचा हप्ता आता दोनशे दहा झाला होता. तो सुटला. तोच इकडे भरीन. दहा महिने लागतील.”

फिलिसबाईंनी कागद फिरवून तिच्यापुढे ठेवला. वर डेनीच्या नावापुढे ‘मृत’ आणि जुलैची ती तारीख होती. लॉर्नानं आपली सही केली. तिच्याखाली डेनीच्या सहीची ओळ होती. “तिथं काय लिहायचं?” तिनं विचारलं.

“लिही, ‘हयात जोडीदार म्हणून’.”

तिनं लिहिलं. पंचविसाव्या वर्षी त्याच ओळीवर सही करून डेनी एवढा वेळ काय बघत बसला होता, ते तिला आत्ता समजलं. तिला तिथंच, सगळ्या तळघरासमोर रडू फुटलं. पिरोगीवाल्या बायकांचे हात थांबले आणि पहिल्यांदाच कुणी काही बोललं नाही.

एक पाकीट तिनं उचलून फिलिसबाईंना परत दिलं. उरलेल्यावर त्यांनी शाईच्या पेनानं नाव घातलं. ब्याऐंशीचा हात, ‘आणि’चा वळसा मध्येच तुटला.

“खराब झालं. दुसरं करते.”

“असू दे,” लॉर्ना म्हणाली. “हेच हवंय.”

रेनं तिला मासा कागदात बांधून दिला आणि पैसे घेतले नाहीत. घरी आल्यावर तिनं पाकीट सासूच्या फोटोपुढे, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं. मग स्वयंपाकघरात जाऊन कॅलेंडरचं पान उलटून एप्रिल काढला, त्यात एकवीसशेचा पहिला हप्ता जायचा होता, डेनीची पेन्सिल घेतली आणि कोपऱ्यात आकडा घातला. एक.